विलिंग्डन ते जुहू : छोट्या विमानांच्या लांब वाटा

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे जुने गाव आज सदनिकांनी आणि आउटर रिंग रोडच्या वर्दळीने वेढलेले असले, तरी भारतीय विमानोड्डाणाच्या इतिहासात त्याची जागा मोक्याची आहे; कारण त्याच्या ईशान्येस काही किलोमीटरवर सफदरजंगचा, म्हणजे पूर्वीच्या विलिंग्डनचा विमानतळ आहे, तर पश्चिमेस पालम. या दोहोंपैकी सफदरजंग हे छोट्या विमानांचे घर होते आणि पालम मोठ्या विमानांचे झाले. एका इंजिनाच्या, लाकूड आणि कापडाने बांधलेल्या विमानांनी या देशात केलेल्या लांब प्रवासांचा मागोवा घेताना सतत जाणवते ते हे की, वैमानिकाच्या धाडसाइतकेच हे प्रवास जमिनीवरील व्यवस्थेवर, म्हणजे उतरण्याजोग्या मैदानांवर, इंधनावर आणि वाटेत मदत करणाऱ्या माणसांवर अवलंबून होते.

दिल्ली फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ची. डिसेंबर १९२९मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची हवाई टपाल सेवा दिल्लीपर्यंत वाढवण्यात आली. परंतु १९३१च्या अखेरीस ही व्यवस्था संपली, तेव्हा कराची–दिल्ली टपालाची जबाबदारी चक्क या क्लबने उचलली आणि जुलै १९३३मध्ये इंडियन ट्रान्स-कॉन्टिनेंटल एअरवेजने ती हाती घेईपर्यंत जोधपूरमार्गे निभावली. शिकाऊ वैमानिकांसाठी वापरल्या जाणाऱ्या मॉथ जातीच्या विमानांनी थरच्या वाळवंटावरून टपाल वाहावे, हे त्या काळाच्या आत्मविश्वासाचे मोठेच गमक म्हटले पाहिजे. या विमानांत रेडिओ नसे. नकाशावर आखलेली दिशा, विमानाचा वेग, वाऱ्याचा अंदाज आणि मनगटावरील घड्याळ यांच्या मेळातून आपण कोठे आहोत ते ठरवावे लागे. या पद्धतीला 'डेड रेकनिंग' म्हणतात, आणि तिची पडताळणी खाली दिसणाऱ्या नद्या, तलाव व लोहमार्ग यांवरून होत असे.

याच सुमारास आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने उडून महिन्याच्या आत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. १९३०मध्ये मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा हे तिघे जिप्सी मॉथ विमानांनी त्यासाठी निघाले. मनमोहन सिंग यांनी प्रवास पुरा केला, पण महिन्याची मुदत उलटली; अस्पी इंग्लंडहून येत होते आणि टाटा कराचीहून निघाले होते, त्यामुळे दोघांची गाठ इजिप्तमधील अबुकीर येथे पडली. तेथे अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले, आणि पारितोषिक अस्पींना मिळाले. पुढे भारतीय वायुदलाचे प्रमुख झालेले अस्पी तेव्हा विशीच्याही आत होते. वाटेतल्या विमानतळावर सुटा भाग मिळेल की नाही यावर सारा प्रवास अवलंबून असण्याच्या त्या काळात ही मदत केवळ सौजन्याची नव्हती, तर वैमानिकांच्या छोट्या समाजाचा तो अलिखित नियमच होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुस मॉथ विमानाने टपाल घेऊन सकाळी साडेसहाच्या सुमारास उड्डाण केले आणि अहमदाबादला थांबून दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. तेथून टाटांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पुस मॉथ हे बंद केबिनचे, एकच पंखजोडी असलेले विमान होते आणि त्याचे जिप्सी इंजिन सुमारे १२० अश्वशक्तीचे होते. अहमदाबादला इंधन आले ते बैलगाडीतून, पेट्रोलच्या डब्यांत. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची चिखलट सपाटी असल्यामुळे पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टाटांच्या या टपालसेवेचा सारा कारभार पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. महाराष्ट्राच्या विमानवाहतुकीच्या इतिहासात जुहूचे नाव सर्वत्र येते, येरवड्याचे मात्र क्वचितच; वस्तुतः पावसाळी महिन्यांत सेवा खंडित न होण्याचे श्रेय त्या मैदानाकडे जाते. नोव्हेंबर १९३७मध्ये इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर असे थांबे घेणारी मुंबई–दिल्ली सेवा सुरू झाली आणि जुहू व विलिंग्डन ही दोन मैदाने एका सूत्रात आली.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. पालम उभा राहिला, डाकोटासारखी दोन इंजिनांची धातूची विमाने आली, आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून श्रीनगरला शीख रेजिमेंटचे सैनिक याच जातीच्या विमानांनी पोहोचवले. छोटी विमाने यानंतर मुख्यतः प्रशिक्षणापुरती उरली. वायुदलात टायगर मॉथची जागा हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या एचटी-२ ने घेतली आणि क्लबांमध्ये १९५८मध्ये प्रथम उडालेले पुष्पक आले. १९६२पर्यंत सफदरजंगवरील प्रवासी वाहतूक पालमला गेली. त्याच वर्षी टाटांनी आपल्या पहिल्या उड्डाणाची पुनरावृत्ती लेपर्ड मॉथ या विमानाने केली, आणि १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, ती पुन्हा एकदा केली.

या १९८२च्या उड्डाणाकडे केवळ स्मरणसोहळा म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. लेपर्ड मॉथचा सांगाडा लाकडी, त्यावर कापडाचे आवरण, आणि इंजिन १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर. असे विमान अर्ध्या शतकानंतर लांब पल्ल्यावर नेण्यासाठी लाकडाचे सांधे, कापडाचा ताण, तारा आणि मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी निर्माण करणारे इंजिनावरील यंत्र, यांची तपासणी करणारे हात लागतात. ते कौशल्य पुस्तकातून येत नाही. एका तंत्रज्ञाकडून दुसऱ्याकडे, विमानाजवळ उभे राहूनच ते जाते. शिवाय या पिढीतील विमानांना मैदानही वेगळे लागते. मूळ टायगर मॉथला ब्रेक नाहीत आणि मागे चाकाऐवजी जमिनीवर घासणारी पट्टी आहे. म्हणून त्याला गवताळ, सर्व बाजूंनी मोकळे मैदान हवे असते, जेथे वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरता येते. काँक्रीटची एकच लांब धावपट्टी आडव्या वाऱ्यात त्याला उपकारक ठरत नाही.

दिल्लीत अशा उड्डाणांचे दार २००१नंतर राजधानीच्या सुरक्षेच्या कारणास्तव मिटले आणि सफदरजंगवरील क्लबचे प्रशिक्षण थांबले. सुरक्षेची निकड नाकारण्याचे कारण नाही, पण या बंदीची किंमत मोठी होती, कारण नागरी विमानवाहतूक मंत्रालय आणि विमानतळ प्राधिकरण या दोन्ही संस्थांची कार्यालये ज्या परिसरात आहेत, त्याच परिसरातून छोटे विमान नाहीसे झाले. महाराष्ट्रातही बॉम्बे फ्लाइंग क्लबला प्रशिक्षणासाठी जुहूच्या गर्दीतून धुळ्याला जावे लागले.

जुनी विमाने उडती ठेवण्याचे काम या काळात मुख्यतः वायुदलाने केले. ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले टायगर मॉथ ऑक्टोबर २०१२मध्ये हिंडनच्या वायुदल दिनी उडाले. तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी वायुदलाला भेट दिलेले डाकोटा एप्रिल २०१८मध्ये इंग्लंडमधील कोव्हेंट्रीहून निघाले आणि युरोप व आखाती देशांत टप्पे घेत भारतात पोहोचले. ४ मे रोजी हिंडन येथे ते वायुदलात दाखल झाले आणि १९४७च्या श्रीनगर मोहिमेतील विमानाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला मिळाला. डाकोटा छोटे नाही, पण त्याचा प्रवास छोट्या विमानांच्याच पद्धतीचा होता: एका दिवशी झेपेल तेवढे अंतर, मग मुक्काम, तपासणी, आणि पुढचा टप्पा.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित यांनी टाटांच्या उड्डाणाला अभिवादन म्हणून पिपिस्ट्रेल या हलक्या आधुनिक विमानाने भुज–अहमदाबाद–जुहू असा प्रवास केला. २०१९मध्ये हलक्या विमानाने अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या या वैमानिकेला कराचीऐवजी भुजहून निघावे लागले, यात उपखंडाचा मधला सारा इतिहास आला. इंधनाचा प्रश्नही जुनाच आहे. अशा छोट्या विमानांपैकी बहुतेकांची पिस्टन इंजिने जेटच्या इंधनावर चालत नाहीत. त्यांना एव्हगॅस नावाचे खास पेट्रोल लागते, ते दीर्घकाळ आयात करावे लागे, आणि सप्टेंबर २०२२मध्ये इंडियन ऑइलच्या गुजरातमधील तेलशुद्धीकरण केंद्रातील देशी एव्हगॅस बाजारात आले. मैदानाच्या बाबतीत मात्र अशी प्रगती झालेली नाही. सफदरजंगची धावपट्टी अजून जागेवर आहे, आणि वर्षातून काही ठरलेल्या दिवशी, सुरक्षा यंत्रणांच्या देखरेखीखाली, पूर्वसूचना दिलेल्या जुन्या विमानांना तेथे उतरू देण्याची योजना आखणे प्रशासनाला अशक्य नाही. तसे झाल्यास जुहूहून इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत दिल्लीला येणारा १९३७चा मार्ग एखाद्या दुरुस्त केलेल्या मॉथला पुन्हा आखता येईल.