थाळीतले 167 ग्रॅम

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 सालचा. त्याच्या कक्षेत येऊ शकणारी माणसं 81 कोटी 35 लाख. माणशी महिना 5 किलो धरलं, तर दरमहा 40 लाख टन धान्य लागतं. 10 टनी ट्रकांत भरलं, तर 4 लाख ट्रक! आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत.

आता हाच आकडा जुन्या जालन्यातल्या पाच माणसांच्या घरात आणू. महिन्याला 25 किलो गहू-तांदूळ. माणशी दिवसाला 167 ग्रॅम, म्हणजे साधारण 570 उष्मांक. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दांडेकर-रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 साली दारिद्र्यरेषा मांडताना माणशी दिवसाला 2250 उष्मांक धरले होते. म्हणजे 4 लाख ट्रक येऊनही भूक भागली ती चार आणे. उरलेले बारा आणे रोखीने बाजारातून आणायचे.

रोख येणार कुठून? रोजगार हमी योजनेची (रोहयो) महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये होती. केंद्राच्या तेव्हाच्या हमीचे सगळे 100 दिवस भरले, तरी घराला वर्षाला 31,200. माणशी दिवसाला 17 रुपये. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साली ग्रामीण दारिद्र्यरेषा आली होती 27 रुपयांवर, आणि तीही फार खाली म्हणून देशभर ओरड झाली होती. शिवाय ही हमी खेड्यांपुरती. जुनं जालना शहरात, म्हणून इथल्या मजुराला तेवढीही नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबात माणशी रोज 85 ग्रॅम डाळ, कडधान्य किंवा अंडी-मांस हवं. डाळच घ्यायची तर पाच जणांना महिन्याला पावणेतेरा किलो. किलोला 120 रुपये धरले, तर दीड हजार गेले. खेड्यातल्या घराची रोहयोची महिन्याची सरासरी कमाई 2,600. तेल, दूध, भाजी, गॅस, औषध अजून यायचंच आहे.

मराठवाड्यातल्या केशरी रेशनकार्डाच्या शेतकरी कुटुंबांना 2023 पासून धान्याऐवजी रोख मिळते: सुरुवातीला माणशी महिना 150 रुपये, म्हणजे दिवसाला 5. एवढ्यात डाळ येते जेमतेम 42 ग्रॅम.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 100 पैकी 35 मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. याचं मला नवल वाटत नाही, संताप येतो.

रेशनचा एक दाणाही कमी होता कामा नये. पण मजुरी ठरवताना सरकारने त्या वर्षीचे डाळ, तेल, दुधाचे भाव समोर ठेवावेत, आणि कामाची हमी शहरातल्या मजुरालाही द्यावी.