गाळातले सोने आणि बंबवाल्याचे पितळ

अग्निशमन सेवा सप्ताहाच्या संचलनाची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून येऊन गेली आणि १४ एप्रिल १९४४ च्या मुंबईतील गोदीस्फोटात कामी आलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचे स्मरणही यथाविधि झाले. परंतु त्यांच्या हातांतील वस्तूंचे पुढे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि खाडीअलीकडे, नवी मुंबईत राहणाऱ्या मला तो दरवर्षी अधिकच बोचतो.

त्या दिवशी गोदीत पेटलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच्या जोडीला कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा होत्या. धुरामुळे आगीचे मूळ सापडेना, म्हणून बंबवाल्यांनी जहाजाच्या पोटात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले. आणि ज्या पाण्याने आग विझावी, त्याच पाण्यावर तरंगत जळत्या गासड्या वर दारूगोळ्याकडे चढत गेल्या. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला.

एक सुवर्णवीट गिरगावातील एका घरात येऊन पडली. काही विटा तर अनेक वर्षांनी गाळउपशात सापडल्या. २०११ मध्ये एक जिवंत तोफगोळाही वर आला. सोन्याची बातमी होते, तोफगोळ्यासाठी नौदल धावते. पितळी नोझल वर आले, तर उपसणाऱ्याच्या लेखी ते भंगार.

अमेरिकेतील फिलाडेल्फियात मात्र रीत वेगळी. तेथे १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी स्वयंसेवी अग्निशमन मंडळी काढली, तेव्हा प्रत्येक सभासदाने कातडी बादल्या, आणि जळत्या घरातले सामान काढण्यासाठी पिशव्या व टोपल्या सिद्ध ठेवाव्यात, असा दंडक होता. पगारी खाते तेथे १८७१ मध्ये आले. आज त्या शहराच्या जुन्या वस्त्यांत महामार्गाच्या कामापूर्वी उत्खनन होते, तेव्हा शौचकूपातून निघालेल्या फुटक्या बशीचीही रीतसर नोंद होते.

आपला गाळ तर थोर जतनकर्ता आहे. बेलापूरच्या काठी ओहोटीच्या वेळी पोटरीपर्यंत चढणाऱ्या त्या काळ्या, उग्र वासाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून हवेत कुजणारे कातडे आणि लाकूड त्यात दीर्घकाळ टिकते.

पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षे भरल्याखेरीज अशी वस्तू पुरावशेष ठरत नाही. म्हणजे १९४४ साली नव्या असलेल्या नोझलला तो दर्जा २०४४ च्या सुमारास मिळणार, आणि तोवर बंदराचा उपसा काही थांबणार नाही. तेव्हा उपशाच्या करारनाम्यात आजच एक कलम घालावे: पितळ, कातडे, नळीची कडी, जे वर येईल त्याची जागा व खोली लिहून ते भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयाकडे रवाना करावे.