पोळा आणि मारबत : नागपूरचे दोन दिवस

युरोपांत आणि गोव्यांत कार्निव्हलचा उत्सव होतो तो उपवासाच्या उंबरठ्यावर. ईस्टरपूर्वींचे चाळीस दिवस व्रतस्थ राहावयाचें, म्हणून तत्पूर्वीं तीन-चार दिवस यथेच्छ खाऊन-पिऊन आणि सोंगें घेऊन हौस फेडून घ्यावयाची, अशी त्याची रीत. त्या शब्दाच्या मुळाशींच मांसाचा निरोप आहे. नागपुरांत हाच प्रकार उलट्या क्रमानें घडतो. येथें आधीं श्रावण पाळला जातो, आणि तो संपतांच दुसऱ्या सकाळीं सोंगें रस्त्यावर येतात. श्रावण अमावास्येला पोळा, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला सकाळीं मारबतींची मिरवणूक, आणि त्याच सायंकाळीं मुलांचा तान्हा पोळा. एवढ्या दोन दिवसांत नागपूर जें दाखवितें तें एरव्हीं वर्षभर दाखवीत नाहीं. परंतु पाहुणा येतो तो बहुधा मारबतीचें नांव ऐकून, गर्दींत दोन तास उभा राहतो, तिखट रस्सा खाऊन घाम पुशीत परत जातो, आणि आपण नक्की काय पाहिलें हें त्याला सांगतां येत नाहीं.

प्रथम तारखेविषयीं. हा सण तिथीचा असल्यामुळें इंग्रजी महिन्याशीं त्याचा मेळ बसत नाहीं. २०२३ सालीं अधिक श्रावण आल्यामुळें मारबत १५ सप्टेंबरला निघाली. २०२५ सालीं ती २३ ऑगस्टलाच निघाली. गाडीचें तिकीट काढण्यापूर्वीं पंचांग पाहावें, आणि येणें तें पोळ्याच्या सकाळपर्यंत यावें.

पाहुण्याचा मुक्काम नंदनवनांत आहे असें समजूं. जुन्या नागपूरच्या आग्नेयेस वसलेली ही वस्ती. महाल आणि इतवारी येथून फार दूर नाहींत, पण त्यांच्या गल्ल्यांतील दाटी मात्र येथें नाहीं. त्यामुळें उत्सवाच्या दिवसांत निजावयास नंदनवन आणि पाहावयास जुनें शहर, ही वांटणी सोयीची पडते.

पोळ्याचा दिवस बैलांचा. आदल्या सायंकाळीं बैलांच्या खांद्यांस हळद आणि तूप किंवा लोणी लावून ते शेकतात व त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचें आमंत्रण देतात. वर्षभर जूं ओढून सोललेल्या खांद्याची ही दखल आहे. शहरांत आतां बैल फारसे उरले नाहींत, म्हणून शक्य असल्यास त्या दुपारीं उमरेड किंवा काटोलच्या वाटेवरील एखाद्या खेड्यांत जावें. शिंगें रंगविलेले, अंगावर झुली घातलेले बैल तोरणाखालीं ओळीनें उभे राहतात आणि गांवांतील मंडळी एकमेकांवर कुरघोडी करीत झडत्या म्हणतात. या झडत्यांत महादेव-पार्वतीपासून गांवच्या सावकारापर्यंत कोणाचीच सुटका नसते. वऱ्हाड-नागपूरकडील शेतकऱ्याच्या विनोदाचा खरा मासला पाहावयाचा असेल तर तो येथें मिळतो. परततांना घरांच्या दारांशीं पळसाच्या फांद्या ठेवलेल्या दिसतील. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या पहाटे त्या उचलून शिवेबाहेर टाकावयाच्या असतात, आणि नागपूरच्या मारबतीचें मूळ बहुतेक याच पळसाच्या फांदींत आहे.

त्या दिवशींचें जेवण घरचेंच असावें. उपाहारगृहांत पोळा भेटत नाहीं. नागपुरी पुरणपोळींत पुरण उदंड आणि आवरण नांवापुरतें असतें. तिच्यावर तूप चमच्यानें नव्हे, वाटीनें घेतात. सोबत कढी, वडे, भजीं, आणि पावसाळ्यांतील अंबाडीची भाजी. यजमानीण आग्रह करील, आणि तो मोडणें असभ्यपणाचें ठरेल. तथापि दुसऱ्या दिवशींचा कार्यक्रम ध्यानांत ठेवून तिसऱ्या पोळीस हात जोडावेत.

आतां मारबत. ही एक प्रचंड स्त्रीमूर्ति असते. बांबूचा सांगाडा करून त्यावर कागद-कापड चढवितात आणि रंग देतात. नागपुरांत अनेक मारबती निघतात, पण मानाच्या दोन. काळी मारबत इतवारी भागांतून निघते. तिची प्रथा १८८१ पासूनची. पिवळी मारबत जागनाथ बुधवारींतून निघते. ती तऱ्हाणे तेली समाजाची, आणि १८८५ पासूनची. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गांठ पडते, तेव्हां होणारा गलका हाच या दिवसाचा कळस. सर्वत्र एकच आरोळी चाललेली असते : इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! पुढें शहराबाहेर किंवा तलावाकांठीं नेऊन त्यांचें दहन करतात. पिवळीचें दहन नाईक तलावापाशीं होतें.

दोघींकडे पाहण्याची लोकांची दृष्टि मात्र एक नाहीं, आणि हें ठाऊक नसलेला पाहुणा येथेंच चुकतो. काळी ही दुष्ट शक्तीची प्रतिमा. तिला शिव्याशाप मिळतात. पिवळी ही पीडा पोटांत घालून नेणारी. तिला लोक हात जोडतात, आया लेंकरें तिच्यापुढें धरतात. जी जळणार आहे तिलाच नमस्कार करावयाचा, यांत विसंगति कोणाला वाटत नाहीं. तेव्हां पिवळी समोरून जात असतां टिंगलीचे उद्गार काढूं नयेत, आणि छायाचित्राच्या नादानें नमस्कार करणाऱ्यांच्या मध्यें घुसूं नये.

काळ्या मारबतीशीं एका ऐतिहासिक स्त्रीचें नांव जोडलेलें आहे. ती म्हणजे बांकाबाई भोसले, दुसऱ्या रघुजींची विधवा पत्नी. तिनें इंग्रजांना साह्य केलें म्हणून लोकांनीं तिचा निषेध या रूपानें केला, असें घरोघरीं सांगतात. त्यांतील पहिला भाग खरा आहे. १८५७ च्या उठावांत तिनें आपलें वजन इंग्रजांच्या पारड्यांत टाकलें, आणि इंग्रजी गॅझेटियरनें तें कौतुकानें नोंदविलें आहे. परंतु त्याआधींचीं चार वर्षेंही पाहावयास हवींत. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. १८५४ त डलहौसीनें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील जडजवाहीर, हत्ती आणि घोडे लिलावांत गेले. ज्या वृद्ध स्त्रीनें हें डोळ्यांदेखत पाहिलें, तिच्याजवळ फौज नव्हती, खजिना नव्हता. होतें तें घराण्याचें नांव आणि उरलीसुरली माणसें. तिनें भ्यालेपणानें तसें केलें कीं शहाणपणानें, याचा निवाडा सोपा नाहीं. शिवाय मारबत काढण्याची चाल विदर्भांतील ज्या खेड्यांत आहे त्यांपैकीं कित्येकांनीं बांकाबाईचें नांवही ऐकलेलें नसतें. तेथें मारबत म्हणजे कृष्णाला विष पाजावयास आलेली पूतना. जुन्या लोकाचारावर पुढें राजकारणाचें नांव चिकटलें असावें, असें मानण्यास त्यामुळें बरीच जागा राहते. ज्यानें महालांतील भोसल्यांचा वाडा सकाळीं पाहिला आणि दुपारीं काळी मारबत पाहिली, त्यानें या दोन्ही गोष्टी मनांत एकत्र धराव्यात.

मारबतींबरोबर बडगे चालतात. बडग्या हा पुरुष. मुलें काटक्या, चिंध्या आणि मोडक्या वस्तूंचे लहान बडगे करतात. तरुण मंडळें मोठे करतात, आणि त्यांच्या गळ्यांत त्या त्या वर्षाचा राग पाटीवर लिहून अडकवितात. महागाई, लांचखाऊ अधिकारी, खड्ड्यांचे रस्ते, परराष्ट्राचा एखादा शत्रु, कधीं एखादा पुढारी. वृत्तपत्रांतील अग्रलेखापेक्षां हे बडगे वाचणें अधिक उद्बोधक असतें, कारण अग्रलेख एकच माणूस लिहितो. विनोद नेहमींच सुसंस्कृत असेल अशी अपेक्षा ठेवूं नये. कांहीं आरोळ्या घरीं जाऊन सांगण्याजोग्या नसतात.

२०२० सालीं मात्र या मिरवणुकीवर मोठा विचित्र प्रसंग आला. करोनाची सांथ ऐन भरांत होती, आणि नेमक्या त्याच वर्षीं रोगराई घेऊन जाणारीला रस्त्यावर येण्याची परवानगी नव्हती. गर्दीनें रोग वाढतो हा वैद्यकाचा निर्णय योग्यच होता. तरीही ज्या सणाचा सारा अर्थ सांथीला हद्दपार करणें हा, तो सांथीमुळेंच घरांत राहावा, हें जुन्या इतवारींतल्या वृद्धांना कसें वाटलें असेल याची कल्पना पुढील वर्षांतील गर्दी पाहिली म्हणजे येते.

पाहण्यासंबंधीं थोडें व्यवहाराचें. वाहन नंदनवनांतच ठेवावें, कारण मिरवणुकीच्या वेळीं जुन्या शहरांतील वाहतूक वळविलेली असते. डिसेंबर २०२२ पासून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून प्रजापतीनगरपर्यंत मेट्रो धांवते. अग्रसेन चौक किंवा चितार ओळ या स्थानकांवर उतरून पायीं जाणें सर्वांत निर्धास्त. दहाच्या सुमारास जागा धरावी. ती चौकांत धरूं नये. चौकाच्या अलीकडे एखाद्या दुकानाच्या ओट्यावर, मालकाची परवानगी घेऊन, उभें राहावें. लहान मुलें आणि वृद्ध बरोबर असतील तर गल्लीच्या तोंडाशीं थांबावें, म्हणजे मागें सरकतां येतें. भाद्रपदाची सर केव्हांही येते. पण छत्री उघडली कीं मागच्या दहा माणसांचा दिवस फुकट जातो, सबब डोक्यावर टोपी आणि अंगावर भिजलें तरी चालेल असें वस्त्र.

घरून निघण्यापूर्वीं कीं वाटेंत, खावयाचें तें तर्री-पोहे. पोहे साधेच, परंतु त्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात, आणि वर कच्चा कांदा. नवख्यानें तर्री निराळी मागून घ्यावी व पोह्यांवर हळूहळू घालावी. एकदां ओतलेली तर्री परत काढतां येत नाहीं. उन्हाची उष्णता आणि पावसाचा दमटपणा या दिवसांत एकत्र नांदतात, म्हणून पाण्याची बाटली घरून न्यावी. बाहेर प्यावयाचें तर लिंबूपाणी डोळ्यांसमोर केलेलें, बर्फावांचून. कापून ठेवलेल्या फळांकडे वळूं नये.

फळांवरून आठवतें तें संत्रें. नागपुरास येऊन संत्रें मागणारा पाहुणा पोळ्यांत हमखास निराश होतो. आंबिया बहाराचीं संत्रीं साधारण ऑक्टोबरपासून उतरतात आणि मृग बहाराचीं फेब्रुवारीच्या पुढें. मारबतीच्या वेळीं झाडावर असतात तीं हिरवीं. त्या दिवसांत ताजें नागपुरी म्हणून कोणी देऊं केलें तर हंसून पुढें जावें. संत्रा बर्फी मात्र बारमास मिळते, आणि ती गांवीं नेण्यास उत्तम.

श्रावण संपलेला असतो, त्यामुळें मारबतीच्या दिवशीं खाटकांच्या दुकानांपुढें पहाटेपासून रांगा लागतात. महिनाभर आवरलेली जीभ त्या दुपारीं मोकळी सुटते. शाकाहारी पाहुण्यास पाटवडी-रस्सा आहे, आणि तो कमी प्रतीचा समजूं नये. मांसाहारी असेल त्यानें सावजी खावें. हें जेवण नागपूरच्या कोष्टी विणकरांच्या घरचें. पूर्वीं तें जवसाच्या तेलांत होई. भाजलेलें खोबरें, खसखस, दगडफूल आणि काळी मिरी यांचा काळसर रस्सा हें त्याचें लक्षण. नुसतें तिखट म्हणजे सावजी, हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे, आणि कांहीं खाणावळींनीं तो मुद्दाम जोपासला आहे. चांगल्या रश्श्यांत तिखटाच्या मागून मसाल्याची चव येते. ती आली नाहीं तर ताट बदलावें. ज्वारीच्या भाकरीबरोबर, कांदा-लिंबू घेऊन, सावकाश खावें. तोंड भाजलें तर पाणी पिऊं नये, भाकरीचा कोरडा तुकडा चघळावा. मद्याविषयीं एवढेंच, कीं या दिवसांत दुकानें बंद ठेवण्याचा सरकारी हुकूम पुष्कळदां निघतो. ज्याला सोंग पाहावयाचें आहे त्याचें त्यावांचून कांहीं अडत नाहीं.

मधल्या वेळांत स्थळें थोडींच पाहावींत. सीताबर्डीच्या किल्ल्याचा बेत करूं नये; तो लष्कराच्या ताब्यांत असून सामान्यांना वर्षांतून मोजक्याच दिवशीं उघडतो. अजब बंगला, म्हणजे १८६३ त स्थापन झालेलें वस्तुसंग्रहालय, दुसऱ्या खेपेस ठेवावें. चितार ओळीवरून मात्र अवश्य चालत जावें. गणेशचतुर्थी तीनच दिवसांवर आलेली असते आणि मूर्तिकारांच्या ओट्यांवर गणपतींचे डोळे उघडत असतात. एका बाजूस जळावयास निघालेली मारबत आणि दुसऱ्या बाजूस बसावयास निघालेला गणपति, हें दृश्य दुसऱ्या कोणत्या शहरांत दिसेल असें वाटत नाहीं.

सायंकाळीं नंदनवनांत परतावें. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजींनीं मुलांसाठीं चालू केला असें सांगतात. आज तो मैदानांत आणि बागांत भरतो. चाकांवरचे लांकडी बैल, कोणाचा वीतभर, कोणाचा मुलाच्या उंचीचा, कागदी झुली आणि बेगड लावून ओळीनें उभे करतात. मुलें शेतकऱ्याचा, देवाचा, शिपायाचा वेष घेऊन येतात, आणि बक्षीसें वांटलीं जातात. नंतर तीं बैल ओढीत घरोघर फिरतात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैलाच्या नांवानें द्यावयाचे पैसे किंवा खाऊ. पाहुणा असला तरी सुटका नाहीं, किंबहुना त्याच्याकडे अधिक अपेक्षेनें पाहिलें जातें. एका मुलास दिलें आणि दुसऱ्यास नाहीं, असें झाल्यास दाराशीं रडें ऐकूं येईल. दुपारींच सुटीं नाणीं जमवून ठेवावींत, आणि बैलाच्या कपाळावर टेंकविण्यासाठीं कुंकवाची डबी यजमानिणीकडून मागून घ्यावी; दिवेलागणीनंतर तासभर दार वाजतच राहतें.