टांगते छत : धातूच्या सांगाड्याचे भूसंपर्कन

मूळ छताखाली तारांनी वा सळ्यांनी लोंबता ठेवलेला धातूच्या पट्ट्यांचा चौकटीदार सांगाडा आणि त्यात बसविलेले फलक यांच्या रचनेस टांगते छत म्हणतात. व्यवहारात ते ‘फॉल्स सीलिंग’ या नावाने परिचित आहे. वरील पोकळीतून विजेच्या तारा नेतात व दिवे सांगाड्यावरच ठेवतात. यामुळे सांगाड्याचे भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, करावे काय असा प्रश्न उद्‌भवतो. धातू दिसला की त्यास हिरवी तार जोडावी, हा रूढ समज येथे बहुधा गैरलागू ठरतो.

आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या ६०३६४ या मानकमालेत दोन प्रकारचे धातुभाग विचारात घेतले आहेत. पहिला उपकरणाचाच उघडा भाग होय; उदा., दिव्याचे धातूचे कवच. आतील निरोधन बिघडल्यास तो विद्युत् भारित होतो, म्हणून त्याचे भूसंपर्कन करतात. दुसरा भाग विद्युत् मांडणीबाहेरचा, परंतु पृथ्वीचे वर्चस् खोलीत आणणारा असतो; उदा., जमिनीतून आलेला पाण्याचा लोखंडी नळ. त्याची मुख्य भूसंपर्क अग्राशी समवर्चस् जोडणी करतात. साधा टांगता सांगाडा यांपैकी कशातच मोडत नाही.

शंका असल्यास दिवे बसविण्यापूर्वी सांगाडा व मुख्य अग्र यांमधील रोध मोजतात. २३० व्होल्ट दाबास शरीरातून १० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ नये असे धरल्यास एकूण रोध २३,००० ओहम लागतो. शरीराचा सु. १,००० ओहम रोध वजा जाता २२,००० ओहम उरतात. मोजलेला रोध याहून अधिक असल्यास जोडणीची गरज नसते.

अनावश्यक जोडणी निरुपद्रवी असते असेही नाही. पोकळीत काम करणाऱ्या तारतंत्र्याचा एक हात जिवंत तारेस व दुसरा भूसंपर्कित सांगाड्यास लागल्यास मंडल पूर्ण होऊन शरीरातून सु. २३० मिलिअँपिअर, म्हणजे प्राणघातक, प्रवाह जाऊ शकतो. सांगाडा पृथ्वीपासून खरोखर अलग असल्यास त्यातून असा मार्ग मिळत नाही. शिवाय इमारतीत अन्यत्र झालेल्या बिघाडाचे वर्चस् भूतारेवाटे सबंध छतावर पसरू शकते.

पट्टीच्या धारेने केबल कापली गेल्यास काय, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर खरा उपाय म्हणजे केबली सांगाड्यावर न टाकता मूळ छतास स्वतंत्रपणे बांधणे व मंडलास ३० मिलिअँपिअरचा अवशिष्ट प्रवाह खंडक बसविणे. रंगविलेल्या व नुसत्या अडकविलेल्या पट्ट्या सलग संवाहक म्हणून भरवशाच्या नसतात. एका टोकास तार जोडल्याने सर्व छत भूसंपर्कित होईलच असे नाही.

धातूच्या कवचाचे दिवे सांगाड्यावर टेकल्याने त्यास पुष्कळदा आपोआप भूसंपर्क मिळतो. हा संपर्क आनुषंगिक असतो. एखाद्या दिव्याची भूतार तुटली असेल, तर त्यातील बिघाड सांगाड्यातही उतरतो. म्हणून प्रत्येक दिव्याच्या भूतारेचे सातत्य स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे असते. शस्त्रक्रियागृहांसाठी समवर्चस् जोडणीचे नियम अधिक कडक आहेत. तथापि ते रुग्णाभोवतालच्या क्षेत्रास लागू असून त्याची उंची जमिनीपासून २.५ मी. धरतात. छत बहुधा त्याहून वर असते.