वऱ्हाडात २१ जून: सावली दक्षिणेला

तिकडचा सण

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या दगडी वर्तुळाशी दरवर्षी २१ जूनच्या पहाटे हजारो माणसे जमतात. वर्तुळाबाहेर ‘हील स्टोन’ नावाचा एकटा दगड उभा आहे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी त्याच्या बाजूने सूर्य वर येतो. गर्दीत हौशे-नवशे-गवशे सगळेच असतात. पण पांढऱ्या झग्यातले ड्रुइड आणि विक्का पंथाचे लोक, दोघेही निसर्गपूजक, आपला सण म्हणून येतात. सणाचे नाव ‘लिथा’. आठव्या शतकातल्या बीड नावाच्या साधूने इंग्रजांच्या जुन्या महिन्यांची नावे टिपून ठेवली होती, त्यांतून ते उचललेले आहे. जेराल्ड गार्डनरचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक १९५४ साली निघाले आणि विक्का पंथ लोकांपुढे आला. म्हणजे नाव जुने असले तरी आजची रीत आपल्या आजोबांच्या वयाची.

मोठ्या दिवसाच्या शेकोट्या मात्र खरोखर जुन्या. युरोपात २४ जूनला सेंट जॉनच्या नावाने त्या पेटत आल्या आहेत. तोच सेंट जॉन गोव्यात आला आणि त्याचा ‘सांजाव’ झाला. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून लोक विहिरीत उड्या मारतात. जाळाचा सण पाण्याचा झाला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आपल्या डोक्यावरचा सूर्य

स्टोनहेंज साधारण ५१ अंश उत्तरेला. तिथे २१ जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो, तरी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांवरच थांबतो. डिसेंबरात आठ तासांचा दिवस काढलेल्या माणसाला जूनचा सूर्य देव वाटला, तर नवल नाही.

अमरावती २१ अंशांच्या किंचित अलीकडे, अकोला त्याहून थोडे दक्षिणेला. इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे, सर्वांत लहान पावणेअकराच्या आसपास. फरक अडीच तासांचा. त्याचा कोणी उत्सव करील असे वाटत नाही.

वऱ्हाडचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, त्यामुळे सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा बरोबर आपल्या माथ्यावर येतो. अमरावतीत हे शून्य सावलीचे दिवस २५-२६ मे आणि १८ जुलैच्या आसपास पडतात. अकोल्यात पहिला एखाद-दोन दिवस आधी, दुसरा तेवढाच नंतर. मधल्या साताठ आठवड्यांत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि एरवी सावलीत राहणाऱ्या घराच्या उत्तर भिंतीवर ऊन येते.

नवतपा

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तोही २५ मेच्या सुमारास. तिथून पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. अमरावतीच्या माथ्यावर सूर्य येणे आणि नवतपा लागणे एकाच वेळी घडते, हा योगायोग. पण भारी योगायोग. कूलरला पाणी पुरत नाही, दुपारी रस्ते ओस पडतात, बाहेर पडायचेच तर दुपट्टा डोक्याला घट्ट बांधून. वऱ्हाडात सूर्याचा दरारा कळायचा तो याच दिवसांत. २१ जूनला मोसमी ढग येऊन बसलेले असतात, म्हणून सर्वांत मोठा दिवस सर्वांत तापलेला नसतो.

जाळ नको, पाणी हवे

आपला जाळाचा सण होळी, तीही थंडी सरताना. जूनमध्ये वऱ्हाडात कोणी शेकोटी पेटवली तर लोक वेड्यात काढतील! इथे वाट पाहायची ती मिरगाची. मृग ७-८ जूनला लागते, आर्द्रा २१-२२ जूनला. म्हणजे तिकडच्या लिथाच्या दिवशी आपल्याकडे आर्द्रा निघते आणि तिचे वाहन कोल्हा की बेडूक की म्हैस, यावर पावसाची चर्चा रंगते. वावरात तूर, कपाशी, सोयाबीनची पेरणी चालू असते किंवा पेरणी अडून बसलेली असते.

अडलीच, तर पावसासाठी धोंडी निघते. पोराला कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळायचे, मुसळाला बेडूक बांधून ते खांद्यावर घ्यायचे आणि दारोदार हिंडायचे. घरची बाई पोराच्या अंगावर पाणी ओतते, सुपातून धान्य देते. बेडकाचे हाल होतात, हे खरे.

ऑस्ट्रेलियातले विक्कावाले लिथा डिसेंबरात करतात, कारण मोठा दिवस तिथे तेव्हा असतो. जागा बघून सण, हा त्यांचाच नियम. तो वऱ्हाडाला लावला तर लिथाची जागा मिरुग-आर्द्रालाच मिळते.

पंचांगात आणि मैदानावर

पारंपरिक पंचांगात दक्षिणायन कर्कसंक्रांतीला, १६ जुलैच्या सुमारास लागते. आकाशातले दक्षिणायन त्याआधीच, २१ जूनला सुरू झालेले असते. १९५७ पासूनच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने आकाशाशी मेळ साधला आहे. तिच्यात १ आषाढ म्हणजे २२ जून.

२०१५ पासून २१ जूनला योगदिन आला. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अमरावतीला व्यायामाचे अप्रूप नाही, पण शाळेच्या मैदानावर सतरंज्या टाकून घातलेले सूर्यनमस्कार हा आजच्या काळातला मोठ्या दिवसाचा सणच म्हणायचा.

सावली मोजायची असेल तर

एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. अमरावतीत खरी मध्यान्ह बाराला नसते, २१ जूनला ती १२ वाजून २१ मिनिटांच्या आसपास येते; अकोल्यात आणखी तीन मिनिटांनी. सावली जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर, आणि पडलेली दक्षिणेला. डिसेंबरात हीच काठी उत्तरेला जवळजवळ आपल्याच उंचीची सावली टाकते. २१ तारखेला आभाळ भरलेले असले तरी अडत नाही. या दिवसांत सूर्य फारसा सरकत नाही. १५ ते २७ जूनमधली कोणतीही उघाडीची दुपार चालेल.