सपाट वाटेचा चकवा

पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही तालुक्यांत पहाटे पाचच्या सुमारास घराबाहेर पडावे, तर रस्त्यावर प्रथम भेट होते ती धावणाऱ्या मुलांची. दूधवाला आणि वर्तमानपत्रवाला मागाहून येतात. या मुलांच्या डोळ्यांपुढे सैन्याची नाही तर पोलिसांची भरती असते. सैन्यभरतीची दौड १६०० मीटरांची, म्हणजे पाच-सहा मिनिटांत सोक्षमोक्ष. त्यामुळे आपल्याकडील मुलांना धावणे म्हणजे छाती फुटेस्तोवर धावणे, इतकेच ठाऊक असते. वयोमर्यादा ओलांडली आणि निवड झाली नाही, की हीच मुले बूट खुंटीला टांगून मोकळी होतात. चार-पाच वर्षे कमावलेला दमसास एका दिवसात टाकून द्यावा, हे आम्हास नेहमीच खटकत आले आहे.

अलीकडे मात्र यांपैकी काहीजण नागपूर-भोपाळकडे होणाऱ्या अर्ध मॅरेथॉनकडे वळू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. अंतर २१.०९७५ किलोमीटर. त्यातही तलावाकाठची सपाट स्पर्धा असली, की आमच्या मुलांना हुरूप येतो. एका बाजूला सिल्लेवानीचा घाट आणि दुसऱ्या बाजूला सातपुड्याच्या टेकड्या पाहत वाढलेल्या मुलास सपाट रस्ता म्हणजे निव्वळ गंमत वाटावी, यात नवल नाही. वस्तुतः चकवा नेमका येथेच आहे.

चढ-उताराच्या रस्त्यावर शरीराचे श्रम आपोआप वाटले जातात. चढावर पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू राबतात, तर उतारावर मांडीचा पुढचा भाग भार घेतो. शिवाय चढ हा एक कडक मास्तर असतो. वेग अधिक झाला, की तो लगेच धाप लावून ताकीद देतो. सपाट रस्त्यावर अशी ताकीद कोणी देत नाही. तेच स्नायू, तेच पाऊल, तीच लय, वीस हजारांहून अधिक वेळा. पहिली पाच किलोमीटर अंगात वारे शिरल्यासारखी निघून जातात आणि त्या उधारीची वसुली पंधराव्या किलोमीटरला सुरू होते.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी अशाच एका स्पर्धेत उतरला होता. दोन तासांत पोचण्याचा त्याचा बेत होता. त्यासाठी दर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद पुरेसे होते. पठ्ठ्याने पहिली पाच किलोमीटर २२ मिनिटांत काढली. चौदाव्या किलोमीटरला तो चालू लागला आणि पोचला तेव्हा अडीच तास उलटून गेले होते. त्यास ना आजार होता, ना सरावाची उणीव होती. स्नायूंत साठलेली साखर जोराच्या धावण्यात फार लवकर खर्च होते, आणि तो साठा आटला की उरलेले अंतर ओढत न्यावे लागते, एवढेच.

या संदर्भात बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे याचे उदाहरण आमच्या भरतीवाल्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो. कष्टकरी कुटुंबातील हा मुलगा सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. या रेजिमेंटचे केंद्र आपल्याच मध्य प्रदेशात, सागर येथे आहे. सियाचीनची थंडी त्याने सोसली, धावपटू म्हणून तो पुढे आला त्यानंतर. २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीच्या सपाट रस्त्यांवर त्याने अर्ध मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. याचा हिशेब मांडला तर किलोमीटरला सरासरी २ मिनिटे ५२ सेकंद पडतात. म्हणजे भरतीचे १६०० मीटर ४ मिनिटे ३५ सेकंदांत, आणि तेही एकदा नव्हे, लागोपाठ तेरा वेळा! हा आकडा फळ्यावर लिहिला, की वर्गात क्षणभर शांतता पसरते.

लांब पल्ल्याची दौड मराठी मुलखास तशी नवी नाही. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावा क्रमांक मिळविला होता. त्या वर्षीचे अंतर तर आजच्यापेक्षाही अधिक, ४२.७५ किलोमीटर होते.

तलावाकाठी धावण्याचा विषय निघाला, की जपानमधील बिवा सरोवराचे स्मरण होते. त्या काठावर १९६२ पासून मॅरेथॉन होत असे. २०२१ साली ती तेथे शेवटची झाली आणि त्या दिवशी केंगो सुझुकी याने २ तास ४ मिनिटे ५६ सेकंदांचा जपानी विक्रम केला. बराच वेळ तो इतरांच्या घोळक्यात निमूटपणे धावत होता आणि ३६ किलोमीटर उलटल्यावर त्याने खरा वेग काढला. सपाट काठाची नाडी त्यास समजली होती, असेच म्हणावे लागेल.

आता तयारीविषयी. आपल्याकडे पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीवरची गोटमारही आटोपली, की त्यानंतरच्या आठवड्यापासून सोळा आठवडे मोजावेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतील स्पर्धेसाठी हा काळ नेमका पुरतो. पाच-सहा किलोमीटर न थांबता धावता येते, इतकी पूर्वतयारी गृहीत धरली आहे. आठवड्यातून चार दिवस धावावे. त्यांतील तीन दिवस पाच ते आठ किलोमीटर, आणि रविवारी लांबची दौड. ती आठ किलोमीटरपासून दर आठवड्यास एकेक वाढवीत न्यावी, दर चौथ्या आठवड्यास मात्र हात आखडता घ्यावा. तेराव्या आठवड्यात सतरा किलोमीटर झाले म्हणजे पुष्कळ झाले. शेवटचे तीन आठवडे अंतर घटवीत न्यावे. या काळात पाय शिवशिवतात आणि मन अधिक धावण्यास सांगते, पण त्याचे ऐकू नये. लांबची दौड अशा वेगाने करावी, की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. भरतीच्या मुलांना हे सर्वांत जड जाते. हळू धावणे त्यांस कमीपणाचे वाटते.

सपाट रस्त्याची सवय आपल्या टेकाडांवर कशी व्हावी? त्यास शाळेचे मैदान आहे. ४०० मीटरांच्या आखणीवर अर्ध मॅरेथॉनच्या सुमारे ५३ फेऱ्या होतात. तितक्या मारू नयेत, कंटाळ्याने जीव जाईल. पण आठवड्यातून एक दिवस तीनपासून सहा किलोमीटरपर्यंत स्पर्धेच्या वेगाने फेऱ्या घ्याव्यात आणि दर दहा फेऱ्यांनंतर दिशा बदलावी, म्हणजे एकाच पायावर ताण येत नाही. मुलींनाही मैदान सोयीचे. अंधारात एकट्या मुलीस हमरस्त्यावर पाठविण्यास आई का कचरते, हे आम्हास समजते. पण दोघी-तिघी मिळून मैदानावर जाण्यास हरकत नसावी. त्यांनी रक्तातील हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे. चाळिशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांनी तर डॉक्टरांस हृदय दाखविल्यावाचून या फंदात पडूच नये.

प्रत्यक्ष स्पर्धेचे गणित सवा दोन तासांचे धरू. किलोमीटरला सरासरी ६ मिनिटे २४ सेकंद, म्हणजे मैदानाची एक फेरी २ मिनिटे ३४ सेकंदांत. पहिली तीन किलोमीटर ६ मिनिटे ३५ सेकंदांनी जाऊ द्यावीत. लोक पुढे जातील, जाऊ द्यावेत, त्यांतले बरेचसे पुढे भेटतात. चौथ्यापासून सोळाव्यापर्यंत ठरलेला वेग राखावा. उरलेल्या पाचांत अंगात असेल तर ६ मिनिटे १५ सेकंदांवर यावे. सुरुवातीस गेलेली तेहतीस सेकंदे भरून निघतात आणि वर दहा-अकरा उरतात.

तलावाच्या काही खोड्या आहेत. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यास अडविण्यास झाड नाही की भिंत नाही. समोरून वारा असेल तेव्हा घड्याळाशी भांडू नये, श्वासाकडे पाहावे, आणि चार माणसांच्या आडोशाने जावे. स्पर्धेच्या मार्गाचे अंतर वळणाच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेले असते. त्यामुळे काठाच्या प्रत्येक वळणावर बाहेरून जाणारा विनाकारण जास्त धावतो. आणखी एक गोष्ट म्हणजे पलीकडच्या तीरावरचा समाप्तीचा मांडव पाण्यावरून हाकेच्या अंतरावर भासतो. तो पाहून वेग वाढविणाऱ्याची फसगत ठरलेली. डोळ्यांनी किलोमीटरच्या पाट्याच मोजाव्यात.

खाण्यापिण्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आदल्या रात्री वरण-भात, पोळी, साधी भाजी. नागपुरास मुक्काम असला तर सावजी रश्श्याचा मोह दुसऱ्या दिवसावर ढकलावा, असे आम्ही मोठ्या कष्टाने सुचवितो. दौडीपूर्वी दोन तास एखादे केळे पुरे. संत्र्याच्या मुलखातील माणसाने असे म्हणू नये, पण धावण्याआधी संत्रे नको, काहींच्या पोटास ते आंबट पडते. वाटेत तहानेप्रमाणे दोन-चार घोट पाणी घ्यावे. भीतीपोटी तांब्यावर तांब्या रिचविल्याने रक्तातील मीठ कमी होऊन अपाय होतो. दुखणे दाबणाऱ्या गोळ्या घेऊन धावणे हा तर आत्मघातच. छातीत कळ आली, चक्कर आली किंवा घाम येण्याचा थांबून भ्रमल्यासारखे झाले, तर त्याच जागी थांबून मदत मागावी. अशा वेळी पदकासाठी पुढे रेटणाऱ्यास आम्ही शूर म्हणणार नाही.

समाप्तीनंतर लगेच बसू नये, दहा मिनिटे चालावे, ओले कपडे बदलावेत आणि मग राखून ठेवलेली संत्री सोलावीत. पुढचा आठवडाभर धावणे बंद. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरतात, की जिना चढता येतो पण उतरता येत नाही. घरातील धावपटू कठडा धरून उलट्या पावली खाली येताना दिसला, तर घरच्यांनी कृपया हसू नये.