चॉकलेट खोडाला लागतं!

चंदीगडच्या रोझ गार्डनमध्ये फिरताना शेजारच्या सरदारजींच्या नातीने विचारलं, "अंकल, इथे चॉकलेटचं झाड का नाही?"

प्रश्न चोख आहे. चॉकलेट ज्याच्या बियांपासून बनतं, त्या कोकोच्या झाडाला विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचा साधारण 20 अंशांपर्यंतचा दमट पट्टा मानवतो. चंदीगड 30 अंशांच्याही वर. इथली जानेवारीची थंडी त्याला सोसायची नाही. आपल्याकडे कोको केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत, बऱ्याचदा नारळ-सुपारीच्या सावलीत वाढतो.

फळं थेट खोडाला लगडतात. आत सीताफळासारखा पांढरा, आंबटगोड गर आणि तीस-चाळीस बिया. पण बी चावून बघा, नुसती कडू!

खरी जादू आंबवण्यात. गरासकट बियांचा ढीग पाच-सहा दिवस झाकून ठेवतात. सूक्ष्मजीव गर खातात, ढीग तापतो, बी मरते आणि चवीचा पाया तयार होतो. हे बिघडलं तर पुढे कितीही भाजा, चव येत नाही.

मग वाळवणं, भाजणं, पाखडणं, दळणं. गंमत म्हणजे परदेशातले कितीतरी छोटे चॉकलेटवाले दळण्यासाठी कोईमतूरच्या इडली-डोशाच्या ग्राइंडरचेच सुधारित अवतार वापरतात!

कोको बटर, म्हणजे बियांमधला स्निग्धांश, 34 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळतं. इथल्या मे-जूनमध्ये ते पिशवीतच विरघळतं. पुन्हा घट्ट झाल्यावर येणारा पांढुरका थर बहुधा वर आलेल्या कोको बटरचा असतो, बुरशीचा नाही. खुशाल खा.

वेष्टनावर कोको बटरऐवजी वनस्पती तेल दिसलं, तर मी तरी ते परत ठेवतो.

आणखी काही विचारायचंय? विचारा की!